अळणी हंगाम

परवा दोरीवरची पांढरी ओढणी काढायला गच्चीवर गेले, तर तिच्यावर काळ्या राखेचे बारीक बारीक धागे येऊन बसले होते. कारखाना सुरू झाला म्हणायचा. पलूसला आमच्या घरी हंगाम असाच येतो, चिमणीतून निघून वाऱ्यावर बसून थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो. बॉयलरमध्ये जळलेल्या उसाच्या चिपाडाची ती राख. ती हातानं झटकायची नसते, झटकली की काळा फराटा उमटतो. हलकेच फुंकायची. मी ओढणी तोंडाशी धरून फुंकर घातली आणि तिथंच उभी राहिले.

मागोमाग मळीचा वास आला. आंबूस, गोड, जड. नवखं माणूस नाकाला रुमाल लावतं. माझं माहेर फलटणचं, तिथंही कारखाने, त्यामुळं हा वास मला कधी परका वाटला नाही. खाली रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. आता होळीच्या पुढंमागंपर्यंत हेच. शाळेत जाताना माझी स्कूटी ट्रॉलीमागं अडकणार, वर्गात पोरांच्या दप्तरात उसाची कांडकी सापडणार, ऊसतोडीला आलेल्यांच्या पाचटाच्या झोपड्यांमधून, कोप्यांमधून संध्याकाळी धूर निघणार. लग्न होऊन आल्यापासून असे कितीतरी हंगाम पाहिले. ते सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. एकच तेवढा वेगळा उभा आहे. राख दिसली की मला तोच आठवतो.

माझे यजमान संपतराव कारखान्यात पॅनमन आहेत. रस साफ होऊन, आटून त्याचा पाक झाला की तो पॅन नावाच्या उंच बंद भांड्यात जातो, आणि तिथं त्या पाकातून साखरेचा दाणा धरायचा, हे त्यांचं काम. नवीन लग्न झालं तेव्हा त्यांनी मला एकदा कारखाना दाखवला होता. जिने चढून वर गेलो तर अंगावर गरम ओलं कांबळं टाकावं तशी हवा. लोखंडी जमीन चपलेतून भाजत होती. त्यांनी पॅनमधून एक दांडा ओढला, त्याच्या टोकाचा पाक काचेच्या पट्टीवर पुसला आणि पट्टी दिव्यासमोर धरली.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"दम धर."

त्यांनी पुन्हा दांडा ओढला, पुन्हा पट्टी धरली. तिसऱ्या वेळी त्या तपकिरी पाकात अचानक बारीक चमचम दिसली. डोळ्यांनी दिसतंय की भास होतोय असं वाटण्याइतकी बारीक. जिथं काहीच नव्हतं तिथं दाणा जन्मला होता. मी मराठीची शिक्षिका. 'निर्मिती' हा शब्द मी वर्गात फार सहज वापरत असे. त्या दिवसानंतर तो शब्द वापरताना मी जरा थांबते.

त्या चमचमीपायी संपतराव पॅनसमोरून हलायचे नाहीत. दाणा धरायची वेळ आली की पाणी नाही, लघवी नाही, काही नाही. घामानं बनियन पिळून निघायचा, आणि तोंडात पडायचा तो फक्त कँटीनचा चहा. घरी आले की जेवायचे मात्र पोटभर. आणि जेवण म्हणजे आमच्याकडचं जेवण. ताटात शेंगदाण्याची चटणी, भाजीत दाण्याचं कूट, आठवड्यातून दोनदा म्हाद्या, म्हणजे दाण्याचीच लाल तिखट आमटी. वर चिमूटभर मीठ, कारण "घाम लय जातोय, मीठ पायजे."

त्या हंगामाचे पहिलेच दिवस होते. सकाळच्या पाळीत त्यांच्या उजव्या कुशीत अशी कळ आली, की ते तिथंच लोखंडी जमिनीवर बसले. त्यांचा जोडीदार पॅनमन रफीकभाई मुलाणी. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले. रफीकभाईंनी त्यांना खांद्याचा आधार देऊन जिना उतरवला आणि स्वतःच्या गाडीत घालून घरी आणलं. मी शाळेतून धावत आले तेव्हा संपतराव भिंतीला डोकं टेकून बसले होते, आणि चेहरा असा पांढरा, की मला क्षणभर ओळखूच आला नाही.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मूतखडा असणार, पडून जाईल, भरपूर पाणी प्या, लघवीकडे लक्ष ठेवा म्हणाले. कळ थांबली. शेजारची माणसं आली आणि प्रत्येकानं आपापला उपाय सांगितला. कोणी पानफुटीची पानं आणून दिली. कोणी टोमॅटो बंद करा म्हणालं, कोणी दूध बंद करा म्हणालं. एकानं तर माझी नजर चुकवून बियरचं नाव काढलं. मी सगळं ऐकून घेतलं. पण संपतराव पाणी पीत होते आणि ते पाणी बाहेर पडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी लघवी नाही. पापण्या सुजल्या. अंगठी बोटात रुतली.

"रफीकला बोलीव," ते म्हणाले. एवढंच.

ताकारी, शेणोली करत आम्ही कराडजवळ मलकापूरला गेलो. वाटेत उसाच्या बैलगाड्या, गाड्यांच्या मागून लोंबणारं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं, कडेला उसाचा रस विकणारे. सगळं रोजचंच. रफीकभाई नुसते हॉर्न वाजवत राहिले.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. सोनोग्राफीचं यंत्र त्यांनी आधी उजव्या कुशीवर फिरवलं, खडा दिसला म्हणाल्या, नळीत अडकलाय. मग डाव्या कुशीवर फिरवलं. परत फिरवलं. संपतरावांना कुशीवर वळवलं आणि पुन्हा शोधलं. हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसाचा चेहरा मला कळतो. मी विचारलं, "काय झालं?"

"यांचं आधी कधी किडनीचं ऑपरेशन झालंय का?"

"नाही."

"मग यांना डावी किडनी जन्मापासून नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "एकच आहे, आणि खडा तिच्याच वाटेत अडकलाय. म्हणून लघवी थांबली. आता थांबून चालणार नाही. आत्ताच आत नळी घालून वाट मोकळी करावी लागेल."

संपतराव टेबलावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते. भीती होतीच. पण भीतीच्या मागं दुसरंही काहीतरी होतं, आणि ते त्यांनी नंतर मला बोलून दाखवलं. शेतात नांगर धरला, लष्कराच्या भरतीला धावले, इतके हंगाम त्या भट्टीत उभे राहिले, आणि डाव्या बाजूला आपल्या आत एक जागा रिकामी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हा दोघांनाही नव्हतं. मी रोज ज्या माणसाचं ताट वाढत होते, त्याला मी ओळखत होते असं मला वाटत होतं.

त्याच संध्याकाळी नळी घातली. त्यांना बाहेर आणलं तेव्हा पलंगाच्या कडेला एक प्लॅस्टिकची पिशवी लटकवलेली होती आणि तिच्यात थेंब पडत होते. लालसर, मग पिवळसर, मग नुसते फिकट. नर्सबाई आली, पिशवी बघितली आणि खुदकन हसली. "चालू झालं की! आता बघा कशी भरत्येय." खरोखर भरत होती. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. आयुष्यात नद्या पाहिल्या, कृष्णा-कोयनेचा संगम तर किती वेळा पाहिला, पण त्या पिशवीकडे पाहिलं तसं मी कुठल्याच पाण्याकडे पाहिलं नव्हतं. लघवी म्हटली की नाक मुरडायचं एवढंच शिकलो आपण. ती थांबली की माणूस थांबतो, हे कोणी शिकवलं नव्हतं.

गावाकडून एसटीनं आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि चटणी. रफीकभाईंनी त्यांना दारातच सगळं सांगितलं होतं. त्या संपतरावांच्या पायाशी उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"उज्वला, म्या अर्धाच घडीवला व्हय गं पोरगा?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. उत्तर डॉक्टरबाईंनी दिलं. त्या तपासायला आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. आत्यांना खुर्चीवर बसवून त्या म्हणाल्या, "आजी, अर्धा नाही घडवला. जोडीला कोणी नाही म्हटल्यावर ती एक किडनी मोठी झाली. चांगली ऐसपैस वाढलीय. दोघींचं काम एकटी करते. तुमच्या मुलाला काही कमी पडलं का आजवर?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "लहानपनी उसात रेडा शिरला तर शेपूट धरून वडून काढायचा."

"मग? आता तिची काळजी तुम्ही घ्यायची. खडा काढता येतो, पण पुन्हा होऊ न देणं स्वयंपाकघराच्या हातात असतं."

काही आठवड्यांनी लेसरनं खडा फोडला, नळी काढली. खड्याचे तुकडे तपासणीला गेले. त्यातला उरलेला एक कण इवल्याशा डबीत घालून डॉक्टरबाईंनी आमच्याकडे दिला. तिळाएवढा. तपकिरी. संपतरावांनी घरी येऊन तो काचेच्या तुकड्यावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. सवयीनंच. एक डोळा मिटून, मान तिरकी करून. मी शेजारी उभी होते. त्या कणाला बारीक बारीक कंगोरे होते आणि ऊन पडलं की ते चमकत होते.

"लय सावकाश वाढलाय," ते म्हणाले. "घाईनं बांधलेला दाना असा नसतोय. थरावर थर बसल्यात बघ. वर्सं लागली असतील ह्याला."

मग काच खाली ठेवून त्यांनी हात चोळले. "पानी कमी पडलं, पाक घट झाला, की दाना धरतोय. हे मी रोज करतोय, उज्वला. रोज. आन् माझ्याच आत ते चालू हुतं, तवा मला पत्ता न्हाई."

त्यांच्या आवाजात खंत होतीच, पण त्याहून जास्त नवल होतं. रागावून बोलणं सोपं गेलं असतं. ते मात्र त्या दाण्याकडे आदरानं बघत होते.

तपासणीचा निकाल आला आणि डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. ऑक्झलेट नावाचा पदार्थ आणि कॅल्शियम यांचा हा खडा. सगळ्यांचे खडे एकाच जातीचे नसतात, म्हणून शेजाऱ्याचं पथ्य आपण उचलायचं नाही. यांच्यासाठी पहिली गोष्ट पाणी, आणि तेही तहान लागायची वाट न बघता. "लघवीचा रंग बघा. गडद झाला की पाणी कमी पडलं." दुसरी गोष्ट मीठ. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, आणि खड्याला माल मिळतो. तिसरी शेंगदाणे, बदाम, पालक, अळू, असले ऑक्झलेटचे पदार्थ हात राखून. मटण अधूनमधून, थोडं.

"दूध मी बंद केलंय," मी जरा अभिमानानंच म्हणाले.

"चालू करा," त्या म्हणाल्या. "दूध, दही, ताक जेवणाबरोबरच द्या. त्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर घेऊन जातं. दूध बंद केलं तर ते मोकाट सुटून किडनीत जाईल."

खड्यात जे कॅल्शियम, तेच कॅल्शियम योग्य वेळी पोटात गेलं तर खड्याला अडवतं. वर्गात मी विरोधाभास अलंकार शिकवते. तो कोणाच्या पोटात असा शांतपणे काम करत असेल, हे मला कसं कळावं?

गावाकडं खड्यावर हुलग्याच्या पिठाची पेज देतात. आत्यांनी विचारलं, "आन् हुलग्याचं माडगं?"

डॉक्टरबाई हसल्या. "द्या की. पातळ करा, मीठ बेतानं घाला. पाणी तर जाईल पोटात. पण माडगं घेतलं म्हणून बाकीचं सोडायचं नाही."

त्या हंगामाला आत्या आमच्याकडेच राहिल्या. मला वाटलं होतं मिठावरून रोज खटके उडतील. आत्यांच्या हातची चटणी भावकीत नावाजलेली. लग्नात, बारशाला, शेतावर, आत्यांचा डबा आला की माणसं आधी चटणी मागायची. त्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगणार, की हात आखडा? पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फडताळातला दाण्याच्या कुटाचा डबा काढला आणि शेजारच्या घरी नेऊन दिला. लोणच्याची बरणीही त्याच वाटेनं गेली. पापडांचा डबा तेवढा घेऊन जरा वेळ उभ्या राहिल्या, मग तोही दिला.

"आत्या, आपल्यासाठी ठेवायचं की थोडं," मी म्हणाले. "दोन भाज्या करेन मी. त्यांची वेगळी."

"एका घरात दोन चवी कशाला?" त्या म्हणाल्या. "त्येनं आळनी खायचं आन् आमी समोर बसून चमचमीत? त्यो जेवनार न्हाई गं. माज्याकडं बघत बसंल."

सगळ्यांसाठी एकच अळणी स्वयंपाक सुरू झाला. पहिले दिवस वाईट होते. आमटी तोंडात घेतली की जीभ काहीतरी शोधत राहायची. भाकरीच्या पिठात आत्या मीठ घालायच्या, तेही बंद झालं. संपतराव मुकाट्यानं जेवायचे. कधी घास तोंडात घोळवत राहायचे, मग पाण्याबरोबर गिळायचे. मी वर्गात शिकवताना मधेच मला खाऱ्या शेंगदाण्यांची आठवण यायची आणि तोंडाला पाणी सुटायचं.

आत्यांनी मात्र हार मानली नाही. कुटाच्या जागी त्या भाजलेलं खोबरं घालून पाहायच्या. लसूण तव्यावर काळसर होईपर्यंत परतायच्या. कोथिंबिरीचे देठ ठेचायच्या. लिंबू पिळायच्या, आणि पिळताना मला म्हणायच्या, "आंबट आलं की जीब मिठाला इसरती, बघ." आयुष्यभर एकाच चवीत मुरलेला तो हात या वयात नव्यानं शिकत होता. वाटीत बोट बुडवून चव घेताना त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा व्हायचा.

आणि मग एके दिवशी, कधी ते मला नक्की सांगता येणार नाही, दुपारी शाळेतून येऊन मी ज्वारीची भाकरी नुसतीच तोडून तोंडात टाकली, आणि ती गोड लागली. खरोखर गोड. मी दुसरा तुकडा खाल्ला. तोही गोड. मी आत्यांना म्हटलं, "पीठ बदललं का?"

"तुला बी लागली व्हय?" त्या एकदम वळल्या. "मला परवापास्नं लागतीया. मी म्हनलं, म्हातारी झाली, जीब बिघडली."

जीभ बिघडली नव्हती, उघडली होती. त्यानंतर गाजरात गोडी सापडली, कांद्यात सापडली, दुधात तर इतकी, की चहातली साखर कमी झाली, साखर करणाऱ्याच्या घरात. एवढी वर्षं हे सगळं भाकरीत होतंच. मिठाखाली झाकलं गेलं होतं. पुढं एका लग्नात आम्ही जेवायला बसलो, आमटीचा पहिला घास घेतला आणि तिघांनी एकदमच पाण्याचा ग्लास उचलला. आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं, ह्ये आपुन खात हुतो?"

घरचं जमलं. कारखान्याचं जमेना. संपतराव परत पॅनवर जायला लागले होते. डॉक्टरबाईंनी परवानगी देताना बजावलं होतं, की त्या उष्णतेत पाणी सतत जात राहिलं पाहिजे. मी मोठी बाटली भरून द्यायचे. ती अर्धी भरलेलीच परत यायची.

"दाना धरायच्या टायमाला ध्यान तिकडंच ऱ्हातं," ते म्हणायचे.

मी रफीकभाईंना फोन केला. म्हटलं, "तुम्हीच काहीतरी करा." त्या दिवसापासून बाटली रिकामी यायला लागली. रफीकभाई दाणा धरायच्या वेळी स्वतः पट्टी धरायचे आणि यांच्या हातात बाटली द्यायचे. यांनी पिऊन झाकण लावलं की मगच पट्टी परत करायचे.

त्या हंगामात रमजान अगदी शेवटाला आला. उन्हं तापली होती, गळीत संपायला आलं होतं, आणि वरची लोखंडी जमीन वरूनही तापत होती आणि खालूनही. रफीकभाईंचे रोजे. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. संपतरावांनी पहिल्याच दिवशी बाटली मागं ठेवली. हे मला स्वतः संपतरावांनीच नंतर सांगितलं.

"तुज्यासमोर कसं पिऊ गड्या?" ते म्हणाले होते.

"मग मी तिकडं तोंड करतो," रफीकभाई म्हणाले.

"तसं न्हाई रं. तुजा घसा सुकलाय, आन् मी..."

रफीकभाईंनी बाटलीचं झाकण स्वतः उघडलं. ओठांना भेगा पडल्या होत्या त्यांच्या. बाटली यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "माजा रोजा न पिन्याचा हाय. तुजा पिन्याचा हाय. दोगांनी बी मोडायचा न्हाई. पी."

आणि ते प्याले. रमजानभर रोज. तहानलेला माणूस पाणी पाजत होता आणि न तहानलेला पीत होता. मी हे दृश्य डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ती वाफ, तो पाकाचा वास, ती पुढं केलेली बाटली, हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसतं, की कधीकधी वाटतं मी त्या जिन्यावरच उभी होते. ईदला आत्यांनी रफीकभाईंच्या घरी दूध पाठवलं, शिरखुर्म्यासाठी, गावाकडच्या आमच्या म्हशीचं. त्यांच्या घरच्यांनी शिरखुर्मा पाठवताना निरोप धाडला, की संपतभाऊंच्या वाटीत सुकामेवा कमी घातलाय, बदाम तर घातलेच नाहीत. कोणी सांगितलं होतं त्यांना? कोणीच नाही. त्यांनीच आपणहून विचारून घेतलं होतं.

पथ्य हा शब्द मला पूर्वी कोरडा वाटायचा. आजारी माणसानं एकट्यानं भोगायची शिक्षा, असं काहीतरी. त्या हंगामात मी पाहिलं, की एका माणसाच्या आतली मुठीएवढी वस्तू नीट चालावी म्हणून किती जणांचे हात हलतात. एका बाईनं आयुष्यभराची चव शेजारी देऊन टाकली. एका माणसानं तापलेल्या दुपारी दुसऱ्याच्या घशात पाणी ओतलं. आणि ती वस्तू? तिला यातलं काहीच माहीत नाही. ती आपली गाळत बसली आहे.

पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं. चिमणी शांत झाली. त्याच आठवड्यात मलकापूरला तपासणीला बोलावलं होतं. "मला बी यायचंय," आत्या म्हणाल्या. तपासणीसाठी लघवी साठवून ठेवायची होती, त्यामुळं संपतराव गाडीत पाय आवळून बसले होते आणि प्रत्येक गतिरोधकाला डोळे मिटत होते.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींनाही आत घेतलं. पडद्यावर करडी, हलणारी चित्रं. त्यांनी यंत्र उजव्या कुशीवर ठेवलं, इकडून तिकडून पाहिलं. "स्वच्छ आहे," म्हणाल्या. "एक कणसुद्धा नाही. रक्ताचा रिपोर्टही उत्तम आहे."

मी श्वास सोडला. आत्या पुढं सरकल्या. "ती कुठली?"

"ही बघा. ही सगळी."

आत्यांनी पडद्याजवळ चेहरा नेला. करड्या पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखा एक मोठा आकार, संथपणे श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"आजी, तुम्हाला अजून एक दाखवते," असं म्हणून डॉक्टरबाईंनी यंत्र खाली ओटीपोटावर आणलं आणि एक बटण दाबलं. पडद्यावर काळंभोर तळं दिसायला लागलं. "ही लघवीची पिशवी. आता नुसतं बघत राहा."

काही झालं नाही. काळं, स्थिर पाणी. संपतरावही मान वळवून बघत होते. मग अचानक त्या काळ्या तळ्याच्या एका कोपऱ्यातून केशरी ज्योतीसारखी एक पिचकारी उसळली, तिरकी आत आली आणि विझली.

मी दचकले. आत्यांनी माझं मनगट धरलं. "ह्ये काय वो?"

"किडनीनं गाळलेली लघवी वरून खाली आली, ती अशी जोरात पिशवीत पडते. रंग यंत्राचा आहे, पण पिचकारी खरी आहे."

पुन्हा अंधार. आम्ही वाट पाहिली. पुन्हा ती ज्योत. तिला कोणी सांगत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं. संपतराव झोपेत असताना, पॅनवर उभे असताना, आमचं भांडण चालू असताना, माझ्याशी एक शब्द न बोलता आत हे चालू असतं.

"कवापास्नं चाललंय ह्ये?" आत्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"आजी, हा तुमच्या पोटात होता ना, तेव्हापासून. जन्माच्या कितीतरी महिने आधीपासून."

आत्या हळूच मागं सरकून स्टुलावर बसल्या. एक हात नकळत त्यांच्या स्वतःच्या पोटावर गेला होता. नजर मात्र पडद्यावरून हलली नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "अजून एकदा बगू द्या."

बाहेर पुढचा पेशंट थांबला होता, मदतनीस दोनदा दारात डोकावून गेली. डॉक्टरबाईंनी यंत्रावरचा हात हलवला नाही. पडद्यावर काळं पाणी स्थिर होतं, आणि आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत होतो.